झाडावर गडी चढवण्याआधी: छाटणी आणि तोडीत जीव जाऊ नये म्हणून कामाचा क्रम

मे महिना लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात झाडं उतरवायची घाई सुरू होते. पावसाआधी कौलांवरची फांदी काढायची असते, बांधावरची नीलगिरी पाडायची असते, परड्यातल्या नारळाच्या झावळ्या साफ करायच्या असतात. याच दिवसांत झाडावरून पडून, करंट लागून, नाहीतर फांदी डोक्यात बसून माणसं जातात. मी बरीच वर्षं ही कामं घेतोय आणि नव्या गड्यांना शिकवतोय. मरणारा गडी बहुतेक वेळा कच्चा नसतो. त्याला चढता येतं, कोयता चालवता येतो. चूक खाली, तो चढायच्या आधी झालेली असते. आधी चढतात आणि मग तार दिसते. आधी कापतात आणि मग फांदी कुठं जाईल ते बघतात. दोर बांधून झाल्यावर दोरवाला कोण हे ठरतं.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. मुकादमांनी, घरमालकांनी आणि चढणाऱ्या गड्यांनी तो त्याच क्रमाने वापरावा. मधली पायरी गाळून पुढची करू नये.

## १. आदल्या दिवशी झाड बघून या

कामाच्या दिवशी सकाळी पोचून झाड बघायचं म्हणजे न बघितल्यासारखंच. तोवर ट्रॉली आलेली असते, सहा माणसांची हजेरी चालू झालेली असते, मालक चहा घेऊन उभा असतो. अशा वेळी ‘हे झाड आज नको’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. आदल्या दिवशी मोकळ्या हातांनी जा आणि झाडाला तीन फेऱ्या मारा.

पहिल्या फेरीत फक्त वर बघायचं. तारा कुठून जातात, वाळलेली किंवा अडकून लटकलेली फांदी आहे का, आग्या मोहोळ आहे का. पानांचा दाट पसारा असेल तर तार दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे खांब शोधा आणि एका खांबावरून दुसऱ्यापर्यंत नजर सरळ न्या. तार त्या ओळीतच असते, मग पानांतून दिसो वा न दिसो.

दुसरी फेरी बुंध्याची. ढोली, उभी चीर, सालीवर किंवा मुळाशी उगवलेली अळंबी, बेचक्यात साठलेलं पाणी, हे सगळं बघायचं. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर जागोजागी ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकूड बद्द वाजतं. हा कानाचा अंदाज चार झाडं ठोकली की बसतो.

तिसरी फेरी जमिनीची. मुळाजवळची माती एका बाजूने उचलली आहे का? गटारीसाठी किंवा पाईपलाईनसाठी एका अंगाने चर खोदला आहे का? तसा चर असेल तर त्या बाजूची मुळं तुटलेली असतात आणि झाड नुसतं उभं दिसतं. गवतात झाकलेली जुनी विहीर किंवा शौचखड्ड्याचं झाकण आहे का, हेही मालकाला विचारा. शिडी नेमकी तिथेच टेकवली जाते.

झाडाची जात बघूनही हात राखून काम करायचं असतं. जांभळाची फांदी जाड दिसते, पण दगा देते. शेवगा तर मुळीच भरवशाचा नाही. गुलमोहर आणि सिल्वर ओक कडकन मोडतात, वाकून सूचना देत नाहीत. चिंच चिवट असते, तिच्यावर चढणाऱ्याला थोडा वेळ मिळतो. पण पूर्ण वाळलेल्या झाडावर, मग ते कुठल्याही जातीचं असो, चढायचं नाही. ते क्रेनच्या पाळण्यातून उतरवा, नाहीतर मोकळी जागा असेल तर जमिनीवरून पाडा.

उंची मोजूनच या. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर भरेल तेवढी काठी घ्या. हात सरळ पुढे करून ती उभी धरा आणि मागे मागे जात राहा. काठीचं टोक शेंड्याला आणि मूठ बुंध्याच्या तळाला लागली की थांबा. सपाट जमिनीवर तिथून झाडापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच झाडाची उंची. पुढे पाचव्या पायरीला हा आकडा लागणार आहे, म्हणून लिहून ठेवा.

परवानगीचा विषय इथंच मिटवा. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, काही जातींना सूट आहे. मी हे दंडाच्या भीतीने सांगत नाही. परवानगीचा कागद नसला की लोक रविवारी पहाटे, अर्धवट उजेडात, कुणाला न कळवता काम उरकतात. चोरून काम करायचं म्हटल्यावर लाईनमनला बोलावणं होत नाही. गडी मरतो तो अशा पहाटे.

तपासा: तारांची जागा, मोहोळ, पोकळ भाग, उंची, परवानगी. या पाचांपैकी एकाचं जरी उत्तर मिळालं नसेल तर कामाचा दिवस ठरवू नका.

## २. तार: इथं वेळ घालवा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि इथली चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

आपल्याकडे झाडातून तीन तऱ्हेच्या तारा जातात. एक घराची सर्व्हिस वायर, दुसरी रस्त्याकडेची एलटी, म्हणजे कमी दाबाची लाईन, तिसरी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची), कुठं कुठं ३३ केव्हीची. ‘सर्व्हिस वायरला रबर आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. उन्हापावसात वर्षानुवर्षं फांदीला घासून ते रबर फुटलेलं असतं. घरगुती २३० व्होल्टलाही माणूस मरतो आणि झाडावर असेल तर आधी पडतो.

दहा फुटांचा नियम. चालू तारेपासून, ती ३३ केव्हीपर्यंतची असो, चढणारा माणूस, त्याच्या हातातलं हत्यार आणि तो कापणार असलेली फांदी, यांतलं काहीही १० फुटांच्या आत येता कामा नये. फांदी मोजायची ती तिच्या शेवटच्या पानापर्यंत, आणि पडताना ती कुठून झोका घेईल तेही धरून. गडी तारेपासून १५ फूट लांब आहे पण फांदी १२ फूट लांबीची आहे, तर अंतर ३ फूटच राहिलं. ओली फांदी म्हणजे तारच समजा. हिरव्या लाकडात पाणी असतं, पावसात भिजलेल्या बांबूतही असतं. ३३ केव्हीच्या वरच्या टॉवर लाईनच्या आसपासचं काम आपलं नव्हेच.

अंतर राखता येत नसेल तर लाईन बंद करून घ्यायची. त्याचा क्रम असा:

१. हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसात दोन-तीन दिवस आधी लेखी अर्ज द्या. खांबाचा नंबर, जागा आणि कामाचे तास लिहा. अचानक अडचण आली तर १९१२ वर फोन करा.

२. लाईन बंद करायला हेस्कॉमचा माणूसच हवा. टीसीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज स्वतः काढणं, ओळखीच्या पोराकडून काढून घेणं, काठीने जंप (तारा जोडणारा तुकडा) पाडणं, यांतलं काहीही चालणार नाही. शेतात हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असंच कुणाला वाटत नाही.

३. लाईनमन जागेवर आला की त्याला विचारा: कुठली लाईन बंद केली? झाडातून जाणाऱ्या सगळ्या तारा त्यात आल्या का? एकाच खांबावर दोन लाईनी असतात आणि बंद झालेली नेमकी दुसरीच निघते, असं होतं.

४. बंद केलेल्या तारेला त्याच्याकडून अर्थिंग करून घ्या. शेजारच्या घरात जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर असेल तर उलट्या बाजूने करंट येतो. अर्थिंग झाल्याशिवाय तार मेली असं म्हणायचं नाही.

५. लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद आहे, काम करा अशी हेस्कॉमची मोकळीक, मिळाल्याचा निरोप मुकादमाने स्वतः घ्यायचा आणि स्वतःच सगळ्या गड्यांना सांगायचा.

६. काम संपल्यावर माणसं मोजा. सगळे खाली, हत्यारं खाली, तारेवर एकही डहाळी अडकलेली नाही, हे बघून मगच लाईन क्लिअर परत करा.

‘आत्ता लाईट गेलीय, तेवढ्यात उरकून घेऊ’ हा विचार मनात आला तर हत्यार खाली ठेवा. गेलेली लाईट कुणाला विचारून परत येत नाही. पंपाची थ्री फेज गेली म्हणजे तार मेली, हेही खोटं. तेव्हा सिंगल फेज चालू असू शकते.

एक गोष्ट डोळ्यांनी बघितलेली सांगतो. खानापूर रोडकडच्या एका परड्यात फणस उतरवायला एक गडी लोखंडी पाईपची आकडी घेऊन उभा होता. माझं काम शेजारच्या घरी होतं. फणसाच्या मागून एलटीची तार गेली होती, त्याच्या नजरेला ती झाकली होती. पाईप वर जाऊन पानांत शिरला तेव्हा तारेपासून दीड हातावर होता. मी ओरडलो, तो थबकला आणि त्याने पाईप हळूहळू सरळ खाली घेतला. त्याचा हात थरथरत होता आणि पाईपचं टोक पानांत सळसळत होतं, तो आवाज अजून कानात आहे. लोखंडी आकडी आणि ॲल्युमिनियमची शिडी तारेच्या जवळपासच्या झाडाला नेऊच नका. वाळलेल्या बांबूची आकडी वापरा, आणि तीही १० फूट राखूनच.

## ३. माणसं ठरवा, शब्द ठरवा

कमीत कमी चार माणसं हवीत: चढणारा, दोरवाला, राखण करणारा आणि वर जाऊन सुटका करू शकेल असा दुसरा चढणारा. चौथ्याचं नाव काढलं की मुकादम हिशेब करायला लागतात. तो दिवसभर रिकामा बसणार नाही, खाली फांद्या तोडेल. पण त्याच्या अंगावर पट्टा चढवलेला असला पाहिजे आणि त्याने जागा सोडून जाता कामा नये.

राखण करणाऱ्याला दुसरं काम द्यायचं नाही. त्याने फक्त वर आणि रस्त्याकडे बघायचं.

आता शब्द. ही चूक आमच्याच टोळीत झाली होती. आंब्याची फांदी दोराला बांधून कापत होतो. वरच्याने ओरडून सांगितलं, ‘सोड!’ मशीन, म्हणजे चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत), चालू होतं. खालच्याला ऐकू आलं, ‘ओढ!’ त्याने सगळा जोर लावून ओढलं. फांदी खाली यायच्या ऐवजी झोका घेऊन बुंध्याकडे वळली आणि चढणाऱ्याच्या पायाखाली हातभर अंतरावर आदळली. सालीचा तुकडा उडून त्याच्या गुडघ्याला लागला. त्याने आधी पाय हलवला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी कितीतरी रात्री केला.

‘सोड’ आणि ‘ओढ’ वरून सारखेच ऐकू येतात. त्या दिवसापासून आमच्याकडे ‘सोड’ हा शब्द बंद आहे. दोर सैल करायचा तर ‘बिडू’, म्हणजे कन्नडमधलं ‘सोड’. आपल्या भागात कन्नड गडी टोळीत असतातच आणि मराठी गड्यांनाही हा शब्द कळतो. ओढायचं तर ‘ओढ’, थांबायचं तर ‘थांब’. मशीन चालू असताना शब्दही नको, शिट्टी वापरा: एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, दोन म्हणजे सैल कर, तीन म्हणजे ओढ. एक शिट्टी कुणीही मारू शकतो, अगदी बघायला आलेला घरमालकही. ती ऐकल्यावर ‘का?’ विचारायच्या आधी थांबायचं. चढण्यापूर्वी या शिट्ट्या एकदा सगळ्यांकडून करून घ्या. दोन मिनिटं लागतात.

चढणाऱ्याला सकाळी स्वतः विचारा: रात्री घेतली होती का, झोप झाली का, आज उपवास आहे का, चक्कर किंवा फिट येते का. एकादशीला, श्रावणी सोमवारी निर्जळी धरलेला गडी अकरा वाजता उन्हात झाडावर असतो आणि त्याचे डोळे फिरतात. त्याला त्या दिवशी खालचं काम द्या, हजेरी कापू नका. कापली तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. अठरा वर्षांखालच्या पोराला चढवू नका, तो कितीही चपळ असला तरी.

मालकांसाठीही एक सांगणं आहे. ‘उक्तं घे, आजच्या आज मोकळं कर’ असा सौदा करू नका. उक्त्या कामात प्रत्येक सुरक्षेची पायरी गड्याच्या खिशातून जाते. लाकडाच्या बदल्यात तोड ठरली असेल तेव्हा तर ट्रॉली भरायची घाई झाडावरच चढून बसते.

## ४. अंगावरचं आणि हातातलं

कमरेला गुंडाळलेली दोरी हा पट्टा नव्हे. पडल्यावर ती पोटात रुतते, कणा मोडते, किंवा माणूस त्यातून निसटतो. पूर्ण शरीराचा पट्टा हवा, मांड्यांना आणि खांद्यांना धरणारा. त्यावर आयएस ३५२१ हा मानक क्रमांक बघून घ्या. झाडावर टेकून काम करायचं असल्याने कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला निवडा. हेल्मेट आयएस २९२५ चं आणि हनुवटीखाली पट्टी बांधलेलं. पट्टी न बांधलेलं हेल्मेट गड्याच्या आधी खाली येतं.

हार्डवेअर दुकानातली पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी जिवासाठी वापरू नका. उन्हाने ती कुजते आणि घासली की वितळते. चढणाऱ्याचा दोर ११ मिलिमीटर किंवा जास्त जाडीचा, गिर्यारोहणासाठी बनवलेला असावा. त्याचा रंग वेगळा ठेवा आणि त्याने कधीही फांदी ओढू नका, ट्रॉली बांधू नका. ज्या दोरावर एकदा जोराचा झटका बसला, जो कुठं चिरला, ज्यावर पेट्रोल-ऑईल सांडलं, तो त्याच दिवशी तुकडे करून टाका. नुसता बाजूला ठेवलात तर कुणीतरी पुन्हा उचलतो.

लुंगी, धोतर, गळ्यातला टॉवेल मशीनजवळ नको. साखळी कापडाला गुंडाळते आणि माणसाला आत ओढते. खाली मशीन चालवणाऱ्याच्या मांड्यांवर साखळी अडवणारं कापड हवं. बाजारात ते मिळतं. महाग आहे, पण एकदाच घ्यायचं असतं.

चेनसॉबद्दल थोडक्यात: ब्रेक चालतो का ते रोज सकाळी बघा. साखळी धारदार ठेवा, कारण बोथट साखळीला जोर लावावा लागतो आणि तोल तिथेच जातो. गरम मशीनमध्ये पेट्रोल भरू नका. जिथं भरलं तिथून १० फूट लांब जाऊन सुरू करा. एका हातात मशीन लटकवून दुसऱ्या हाताने दोरी ओढून सुरू करणं बंद करा. ते जमिनीवर पायाने दाबून सुरू करायचं असतं.

विमा हाही साहित्यातच धरतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७०. मुदत ३१ मे रोजी संपते, म्हणजे ऐन हंगामात. खात्यात तेवढे पैसे आहेत का, ते मुकादमाने प्रत्येक गड्याला विचारावं.

## ५. जमीन मोकळी करा

फांद्या उतरवताना त्या पडतील त्याहून निम्मी जास्त जागा दोरी लावून बंद करा. पूर्ण झाड पाडताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात काम करणाऱ्याशिवाय कुणी नको. ४० फुटांचं झाड असेल तर सगळीकडून ८० फूट. रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणूस उभा करा. गावात लोक दोरीखालून वाकून येतात, सरपणाची डहाळी उचलायला बायका-पोरं येतात. त्यांना आधीच सांगा की काम थांबल्यावर सरपण बाहेर आणून देऊ. सांगितलं आणि दिलं, तर ती आत येत नाहीत.

खाली पडलेल्या फांद्या लगेच ओढून बाहेर काढा. अडखळायला जागा राहता कामा नये.

## ६. चढण्याआधी सुटकेची तयारी

‘काही झालं तर बघू’ म्हणायचं नाही. बघायला वेळ नसतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्टीत मोबाईलची रेंज जागोजागी जाते आणि मोठं हॉस्पिटल बेळगावात. म्हणून आधीच ठरवा:

- रेंज कुठं मिळते, तिथं कोण धावेल
- १०८ ला जागा कशी सांगायची: गाव, जवळचं देऊळ किंवा शाळा, रस्त्याचा फाटा
- रुग्णवाहिकेला वेळ लागला तर कुठली गाडी, चावी कुणाकडे. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा
- दुसरा चढणारा कुठल्या दोराने वर जाईल

पट्ट्यात निपचित लटकलेला माणूस फार वेळ तसा राहिला तर पायांत रक्त साठून जातो. त्याला मिनिटांत खाली घ्यावं लागतं.

थांबा: इथपर्यंतचं सगळं झालं का? झालं असेल तरच पाय झाडाला लावा.

## ७. चढणं

शिडीचा पाय धरायला माणूस ठेवा आणि शिडीचं वरचं टोक खोडाला बांधा. शिडीवर उभं राहून फांदी कापू नका. फांदी सुटली की झाड उसळतं आणि शिडी निसटते.

दोर टाकायची जागा जिवंत, हिरव्या लाकडाची, मनगटाहून जाड आणि मुख्य खोडाजवळच्या बेचक्यातली हवी. त्यावर खालून दोन माणसांनी लटकून बघा. मोडायची असेल तर ती तेव्हा मोडू दे. दोराला आठाची गाठ मारा आणि दुसऱ्याने ती हाताने तपासावी. चढणाऱ्याने स्वतःची गाठ स्वतः तपासून चालत नाही. रोजची सवय असली की डोळ्यांना चूक दिसत नाही.

वर पोचेपर्यंत एका क्षणालाही मोकळं राहायचं नाही. बांध (पट्ट्यापासून झाडाला लावलेला दोर) बदलताना आधी नवा लावायचा, मग जुना काढायचा. वर मशीन चालवताना दोन बांध हवेत, त्यातला एक आत पोलादी तार असलेला, कारण साखळी नुसत्या दोरीला लागली तर ती एका क्षणात तुटते.

नारळावर वाळलेल्या झावळीला हात घालू नका. हिरवी दिसणारी झावळीही देठाशी कुजलेली असू शकते. हात खोडालाच.

आग्या मोहोळ असेल तर चढायचंच नाही. पावसाळ्याच्या सुमारास मोहोळं पुष्कळदा उठून जातात, तोवर काम ढकला. धूर करून, दगड मारून उठवायच्या नादाला लागू नका. माश्या उठल्यावर खालचा पळू शकतो, वरचा कुठं पळणार?

## ८. फांदी तीन कापांत उतरवा

फांदी वरून एकदम कापली तर ती वजनाने मोडते, सोबत खोडाची साल उभी सोलत येते आणि चढणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून:

१. खोडापासून हातभर लांब, खालून चौथा हिस्सा कापा.

२. त्या कापाच्या दोन बोटं बाहेर वरून कापा. फांदी तिथं मोडून सरळ खाली जाते.

३. उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता कापा.

जी फांदी कापायची तिच्यावर बसू नका, तिला बांधूही नका. तिच्या खाली किंवा ती झोका घेईल त्या बाजूला राहू नका. मशीन दोन्ही हातांनी धरा, खांद्याच्या वर नेऊ नका. पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं. दोराने उतरवायच्या फांदीचा दोर हातात गुंडाळून धरू नका, तो बुंध्याला दोन वेढे देऊन धरा. गुंडाळलेला दोर माणसाला उचलून नेतो.

दर वेळी कापण्याआधी वरून ‘खाली मोकळं?’ असं विचारायचं आणि राखण करणाऱ्याने ‘मोकळं’ म्हटल्यावरच कापायचं. उत्तर आलं नाही तर कापायचं नाही.

## ९. बुंधा पाडणं

झाड कुठं पडावं याची आपली इच्छा आणि त्याचा कल यांत फरक असेल तर झाड आपलं ऐकत नाही. कल, फांद्यांचं वजन आणि वारा बघून दिशा ठरवा. पडण्याच्या दिशेच्या उलट, मागे तिरक्या दोन वाटा साफ करा. सरळ मागे पळू नका, बुंधा मागे उसळतो.

पडायच्या बाजूला खाच घ्या, खोडाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी खोल. मग मागून कापत या, पण पूर्ण कापू नका. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकं लाकूड बिजागरीसारखं राहू द्या. २० इंचाच्या खोडाला ४ ते ५ इंच खाच आणि २ इंच बिजागरी. हीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती कापली गेली की झाड कुठंही फिरतं. मागच्या कापात वेळेवर पाचर घाला म्हणजे झाड मागे बसून मशीन अडकवणार नाही.

सावधान: खूप कललेली नीलगिरी मागून कापत असताना खोड उभं चिरतं आणि मागचा भाग लाथ मारल्यासारखा वर उसळतो. असं झाड नवख्याला देऊ नका.

झाड हलायला लागलं की मशीन तिथंच सोडा आणि ठरलेल्या वाटेने १५ ते २० फूट जा. झाड पडताना बघत उभं राहू नका. पडून स्थिर झाल्यावरही वर तुटून अडकलेल्या फांद्या खाली येतात, म्हणून थोडं थांबा.

एक झाड दुसऱ्यात अडकलं तर त्याच्याखाली जाऊ नका. ज्या झाडात ते अडकलंय ते कापू नका, आणि ‘तिसरं पाडून हे पाडू’ हा उपाय तर करूच नका. लांबून ट्रॅक्टरच्या दोराने बुंधा ओढा.

## १०. वळीव आणि वादळानंतरचं झाड

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, म्हणून वरचं काम सकाळी संपवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीस सेकंदांच्या आत आला तर सगळे खाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. ओल्या सालीवर चढू नका. जाड फांद्या डोलायला लागल्या की उतरा.

वादळात पडलेलं झाड सोपं दिसतं, पण ते सगळ्यात धोक्याचं असतं. वाकून दबलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. ज्या बाजूला लाकूड ताणलंय तिथं एकदम कापलं तर ती फटका मारते. आधी दाबाच्या बाजूने थोडं, मग ताणाच्या बाजूने हळूहळू कापा, आणि स्वतः बाजूला उभं राहा. झाडाखाली तार सापडली असेल तर हेस्कॉमचा माणूस येईपर्यंत ३० फूट लांब राहा.

## ११. तरीही अपघात झाला तर

एक लांब शिट्टी. मशीन बंद.

करंट लागला असेल तर हात लावू नका, वरही चढू नका. करंट घराच्या मीटरनंतरच्या वायरिंगमधून असेल तर मेन स्विच पाडा; खांबावरून येणारी सर्व्हिस वायर मेन स्विचने बंद होत नाही. ११ केव्हीच्या तारेजवळ कोरडी काठीही कामाची नाही. १९१२ आणि १०८ दोन्हीकडे फोन करा, लाईन बंद झाल्याचं हेस्कॉमकडून कळलं की मगच जवळ जा.

वरून पडलेल्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. कणा मोडला असू शकतो. वरून काही पडायचा धोका नसेल तर आहे तसाच राहू द्या, डोकं-मान दोन हातांनी स्थिर धरा.

श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने दाबा, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२०. दमलात की दुसऱ्याने घ्यायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत दाबणं थांबवायचं नाही. करंट लागलेल्याला हे जमिनीवर घेतल्या घेतल्या सुरू करा.

मशीनचा काप लागून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंचावर रुंद पट्टी घट्ट आवळा आणि बांधल्याची वेळ लिहा.

जखमीबरोबर एक माणूस जाईल, एक त्याच्या घरी जाईल. फोनवर निरोप देऊ नका. झाड अर्धवट कापलेलं राहिलं असेल तर त्या जागेवर दोरी लावून रात्रभर राखण बसवा, आणि कुणीही सांगितलं तरी त्या दिवशी पुन्हा कुणाला वर चढवू नका.